उमरावांची सभा आणि आपला सवाल : निवडतो कोण, पगार देतो कोण?

मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात वाद पेटला. विषय होता ब्रिटनमधल्या जातिविरोधी कायद्याचा. एका तरुण साथीने मांडले, "२०१३ साली ब्रिटनच्या संसदेत दलितांच्या बाजूने उभे राहिले ते हाउस ऑफ लॉर्ड्समधले लोक. त्यांना कुणी निवडून दिलेले नव्हते. आणि लोकांनी निवडून दिलेल्या कॉमन्सने मात्र आपली मागणी फेटाळली. मग आपण निवडणुकीचे एवढे गोडवे कशाला गातो?" त्यावर दुसऱ्याने पुस्ती जोडली की लॉर्ड लोक पगारसुद्धा घेत नाहीत, सेवा म्हणून काम करतात, नाहीतर आपले आमदार बघा! वेळ संपली, सतरंज्या गुंडाळल्या, उत्तर अर्धवट राहिले. ते इथे पूर्ण करत आहोत. कारण प्रश्न साधा नाही, आणि विचारणाऱ्याची माहिती खोटीही नाही.

आधी ही सभा आहे काय ते पाहू.

ब्रिटनच्या संसदेची दोन सभागृहे. हाउस ऑफ कॉमन्समध्ये लोकांनी निवडून दिलेले खासदार बसतात. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभेत, शेकडो वर्षे दोन प्रकारचे लोक बसत आले. एक, इंग्लंडच्या चर्चचे बिशप. ते आजही २६ बसतात. दुसरे, बापाच्या पदावर पोरगा या न्यायाने आलेले उमराव. बाप मेला की थोरला मुलगा लॉर्ड. तो शहाणा असो की मूर्ख, देशाचे कायदे करायला बसणार. १८७६ पासून काही न्यायाधीशांना तहहयात जागा मिळू लागल्या, पण त्या मोजक्याच. बाकी सभा धर्माची आणि जन्माची. पुरोहित आणि सरंजामदार एका छताखाली बसून कायदे करतात, हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे : वतन. उमरावाची जागा हे कायदे करण्याचे वतन होते. आपल्या आज्या-पणज्यांकडेही वतन होते, महारवतन. एकाच साम्राज्यात दोन वतने चालू होती. लंडनमध्ये जन्माने राज्य करण्याचे, आणि इथे गावात जन्माने मेलेली ढोरे ओढण्याचे, सरकारी कागद घेऊन या गावाहून त्या गावाला धावण्याचे. इंग्रज सरकारने आपली ही वतने १८७४ च्या कायद्याने नीट बांधून ठेवली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात तो कायदा बदलण्याचे विधेयक आणले. त्यातला मुद्दा तरुणांनी नीट वाचावा. महाराच्या कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने गावकऱ्यांच्या हातात होता. काम सरकारचे, पण भाकरी गावाच्या मर्जीवर. गावाने डोळे वटारले की बलुते बंद. म्हणून बाबासाहेबांचे म्हणणे होते की या वाढप्यांच्या हातून मोबदला काढा, तो रोख करा आणि सरकारी तिजोरीतून द्या. पैसे कोण देतो यावर माणूस कुणाचा हे ठरते, हे त्यांनी कुणा इंग्रजी ग्रंथातून शिकलेले नव्हते.

आता लॉर्ड्समध्ये आपल्या देशातला पहिला माणूस कधी बसला? १९१९ साली. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. बंगालमधले मोठे बॅरिस्टर, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. त्यांना 'रायपूरचे बॅरन' केले गेले ते वंशपरंपरागत पद देऊन. १९१९ चा भारत सरकार कायदा लॉर्ड्समध्ये मांडण्याचे काम त्यांच्याकडेच होते. ते वारले आणि मुलगा वारसाहक्काने आपली जागा मागायला गेला, तेव्हा गाडी अडली. सिन्हांचे लग्न हिंदू पद्धतीने झालेले. त्या काळी हिंदू पुरुषाला एकाहून जास्त लग्ने करता येत. मग अशा लग्नातून झालेला मुलगा ब्रिटिश उमरावकीचा वारस होऊ शकतो का, याचा खल सुरू झाला. मुलाचा हक्क मान्य व्हायला १९३९ साल उजाडले. आम्हाला सिन्हांच्या घराण्याची कणव नाही. पण जन्मावर उभी असलेली व्यवस्था शेवटी नेहमी हाच प्रश्न विचारते : तुझे आईबाप कोण, आणि त्यांचे लग्न कसे झाले होते?

जन्माची वाट नसेल त्याच्यासाठी पैशाची वाट होती. पहिल्या महायुद्धानंतर पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात पदव्यांचा बाजार भरला. मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल ऑफिस थाटून बसला होता. पक्षाला पैसा द्या, सर व्हा. जास्त पैसा द्या, लॉर्ड व्हा. बोभाटा इतका झाला की १९२५ साली पदव्यांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला.

या सभेने गरिबांच्या बाबतीत काय केले, तेही पाहू. १९०९ साली लॉइड जॉर्ज यांनीच अर्थमंत्री म्हणून असा अर्थसंकल्प आणला की श्रीमंतांवर आणि जमिनीवर जास्त कर बसेल. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला पैसा हवा होता, लढाऊ जहाजांनाही हवा होता. जमीनदारांनी भरलेल्या लॉर्ड्सने तो अर्थसंकल्प फेटाळला. १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या. शेवटी, विधेयक अडवाल तर राजाकडून शेकडो नवे लॉर्ड नेमून घेऊ अशी धमकी दिल्यावर १९११ चा पार्लमेंट कायदा पास झाला, आणि लॉर्ड्सचा कायदा कायमचा अडवण्याचा अधिकार गेला. उरला तो लांबवण्याचा. आधी दोन वर्षे, १९४९ पासून एक वर्ष. पैशाच्या विधेयकावर तर फक्त एक महिना.

त्याच १९११ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट झाली. ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते, पण आपल्या दृष्टीने ती जास्त मोठी आहे. कॉमन्सच्या खासदारांना पहिल्यांदा पगार मिळाला, वर्षाला ४०० पाऊंड. तोवर खासदारकी बिनपगारी होती. बिनपगारी म्हणजे सेवाभावी नव्हे. बिनपगारी म्हणजे ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच यावे. इंग्लंडच्या मजुरांनी, चार्टिस्टांनी, १८३८ च्या आपल्या सनदेतच मागितले होते की खासदाराला पगार द्या आणि मालमत्तेची अट काढा. सहा मागण्यांपैकी या दोन होत्या. मालमत्तेची अट १८५८ ला गेली. पगाराला त्र्याहत्तर वर्षे लागली. तोवर खाणकामगार, गिरणीकामगार संसदेत गेलाच तर युनियनच्या वर्गणीवर जगायचा. १९०९ साली तर न्यायालयाने ती वर्गणीही बेकायदा ठरवली होती.

लॉर्ड्सना पगार नव्हता, आजही बहुतेकांना नाही. इथपर्यंत आमच्या दुसऱ्या साथीचे बरोबर आहे. पण १९५७ पासून त्यांना हजेरीचा भत्ता सुरू झाला, दिवसाला तीन गिनींपर्यंत. पुढे तो वाढत गेला, राहण्याचा, जेवणाचा वेगवेगळा खर्च मिळू लागला, आणि त्या हिशेबात घोटाळे निघाले. म्हणून २०१० मध्ये पद्धत बदलली. हजेरीच्या दिवसाला सरसकट ३०० पाऊंड, करमुक्त, पावती दाखवायची गरज नाही. अर्धा दर घ्यायचा किंवा काहीच घ्यायचे नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पुढे हा आकडा ३०० च्याही वर गेला. २०१३ मध्ये एका वृत्तपत्राने एका सदस्यावर पाळत ठेवली. १९ दिवसांपैकी ११ दिवस तो चाळीस मिनिटेसुद्धा सभेत थांबला नाही, हजेरी लावून निघून गेला, आणि भत्ता पूर्ण घेतला. पुढच्या वर्षी सभेने त्याला निलंबित केले. सगळेच असे नाहीत हे आम्हालाही ठाऊक आहे. रात्री उशिरापर्यंत बसून विधेयकाचा शब्द न् शब्द तपासणारे लॉर्डही आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींचा उल्लेख पुढे येणार आहे. पण ज्याचे पोट दुसरीकडे भरलेले आहे त्यालाच परवडेल अशी ही व्यवस्था आहे. नियमित पगार नाही, मतदारसंघ नाही, मतदार नाही. नाशिकच्या शेतमजुराच्या जागी इंग्लंडमधला शेतमजूर ठेवून पाहा. तो नोकरी सोडून दिवसाच्या भत्त्याच्या भरवशावर तिथे जाईल का? आणि मुळात त्याला बोलावणार कोण?

सेवाभावाचे हे गाणे आपल्याकडेही गायले गेले आहे. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले आणि मंत्र्यांना महिना ५०० रुपये पगार ठरवणारे विधेयक आले. त्यागाची मोठी जाहिरात झाली. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब विरोधी बाकावर होते, आणि त्यांनी या पगारावर टीका केली. हे आज आपल्याही काही मुलांना खटकते. गरिबांचा नेता मंत्र्यांचा पगार कमी म्हणून भांडतो? पण त्यांच्या कसोट्या पाहा : मंत्र्याचे राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. पगार इतका तुटपुंजा ठेवला की कर्तबगार पण गरीब माणूस मंत्री होऊच शकणार नाही, तर मंत्रिपद पुन्हा जमीनजुमला असलेल्यांच्या घरी जाते. आणि जो येईल तो तूट भरून कुठून काढेल, हे सांगायला नको. चार्टिस्ट मजुरांनी शंभर वर्षे आधी हेच सांगितले होते.

आता निवडीकडे. १९५८ साली लॉर्ड्सचा चेहरा बदलणारा कायदा झाला. तहहयात लॉर्ड नेमायचे, मुलाकडे पद जाणार नाही. स्त्रिया या सभेत पहिल्यांदा बसल्या त्या याच कायद्याने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे एकही बाई नव्हती, हे विसरू नका. मग १९९९ मध्ये वंशपरंपरागत उमरावांना बाहेर काढले, सहाशेहून जास्त. पण तडजोड म्हणून ९२ ठेवले. त्यातला एखादा वारला तर जागा भरायला पोटनिवडणूक! उमेदवार फक्त उमराव. बऱ्याच जागांसाठी मतदारही फक्त त्या पक्षाचे, सभेत उरलेले उमराव. २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट उमरावांची अशी एक पोटनिवडणूक झाली. उमेदवार सात, मतदार तीन. तिघांनी मत दिले, मतदान शंभर टक्के, आणि व्हायकाउंट थर्सो निवडून आले. आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीलाही याहून जास्त माणसे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने या उरलेल्या उमरावांनाही बाहेर काढण्याचे विधेयक मांडले. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या संसदेत तोवर जन्माच्या जोरावर कायदे होत होते.

बाकीचे, म्हणजे आता बहुसंख्य, नेमलेले असतात. नेमतो राजा, पण नाव देतो पंतप्रधान. एकूण किती नेमायचे याला मर्यादा नाही. २००० सालापासून एक नेमणूक आयोग आहे. तो पक्षाशी संबंध नसलेल्या काही जणांची नावे स्वतः सुचवतो, आणि पक्षांनी दिलेल्या नावांची छाननी करतो. पण त्याचा सल्ला बंधनकारक नाही. २०२० मध्ये आयोगाने पीटर क्रडस या नावाला पाठिंबा नाकारला. ते सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी सहखजिनदार आणि मोठे देणगीदार. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तरीही नेमले. आयोगाचा सल्ला पंतप्रधानाने डावलल्याची ती पहिलीच वेळ. २०२१ च्या फेब्रुवारीत सभेत शपथ झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्याकडून पक्षाला पाच लाख पाऊंडांची देणगी गेली. १९२५ चा कायदा अजूनही जिवंत आहे. यात त्याचा भंग झाला असे आम्ही म्हणत नाही. मेहरबानी दाखवायला कायदा मोडावा लागतच नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नेमणुकीबद्दल बाबासाहेब काय म्हणत होते? ते स्वतः नेमलेले होते. १९२६ च्या अखेरीस सरकारने त्यांना आणि डॉ. सोळंकी यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले. म्हणजे नेमणूक आतून पाहिलेला हा माणूस. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन गेले, त्यात त्यांनी नेमणूक बंद करा, निवडणूक द्या अशी मागणी केली. एक कारण अगदी व्यवहारी होते. १९१९ च्या कायद्यानुसार निवडून न आलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त मंत्री राहू शकत नसे. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी फक्त नेमलेला ठेवला की तो कधीच मंत्री होणार नाही. दार उघडे दिसते, पण आतल्या खोलीला कुलूप.

पुढे १९३० च्या १२ नोव्हेंबरला पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन झाले ते कुठे? लंडनला, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या रॉयल गॅलरीत, राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते. बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन तिथे अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायची ज्यांना बंदी, त्यांची माणसे उमरावांच्या दालनात. पण गेली ती सरकारच्या निमंत्रणावर. दुसऱ्या परिषदेत गांधींनी अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी काँग्रेसच आहे असा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी काय उत्तर दिले? आम्ही सरकारने नेमलेले आहोत हा आरोप आम्ही नाकारू शकत नाही, पण अस्पृश्यांना आपला प्रतिनिधी निवडण्याची संधी दिली असती तरी मी इथे असतोच. त्यांनी आपला अधिकार सरकारी पत्रावर उभा केला नाही, आपल्या माणसांवर केला. आणि मागितले काय, तर नेमणूक नव्हे, मत.

आता २०१३. लॉर्ड्सचा उपकार नाकारायचा नाही, म्हणून नीट सांगतो. २०१० च्या ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा शब्द आला, तो लॉर्ड एव्हबरी आणि इतरांच्या आग्रहाने. पण सरकार 'जातीचा समावेश करू शकेल' एवढेच त्यात होते. सरकारने नेमलेल्या अभ्यासातच नोकरीत आणि सेवांमध्ये जातिभेदाचे पुरावे निघाले, तरी सरकार हलेना. रविदासी, वाल्मिकी, आंबेडकरी संघटना वर्षानुवर्षे निवेदने देत होत्या, पुरावे गोळा करत होत्या. मग ४ मार्च २०१३ ला ऑक्सफर्डचे माजी बिशप लॉर्ड हॅरीस यांची दुरुस्ती लॉर्ड्सने २५६ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केली : 'करू शकेल'च्या जागी 'केलेच पाहिजे'. एप्रिलमध्ये कॉमन्सने ती काढून टाकली. २२ एप्रिलला लॉर्ड्सने १८१ विरुद्ध १६८ ने पुन्हा हट्ट धरला. सरकारने माघार घेतली. एक माजी बिशप, आणि वंशपरंपरेने आलेला एक उमराव एव्हबरी. ज्या दोन खांबांवर ही सभा उभी होती त्यांतलीच दोन माणसे आपल्यासाठी लढली. इतिहास असाच वाकडा चालतो, आणि तो वाकडा आहे तसाच सांगावा लागतो.

पण पुढे काय झाले, हे आमचा साथी सांगायला विसरला. काही हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला. सरकारने मुदती लांबवल्या, २०१७ मध्ये लोकांचे म्हणणे मागवले, सोळा हजारांहून जास्त उत्तरे आली. आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की कायद्यात जात घालणार नाही, ते कलमच रद्द करू, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. लॉर्ड्सने हट्टाने मिळवलेले 'केलेच पाहिजे' असे हवेत गेले. ज्यांनी दिले त्यांना कुणाला तोंड दाखवायचे नव्हते. ज्यांना मिळाले त्यांच्या हातात त्या सभेतले एकही मत नव्हते.

आणि सरकारने ज्या न्यायालयीन निकालाकडे बोट दाखवले, तो कुणाचा? बिहारमधून आलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईचा. एका भारतीय घरात तिला साडेचार वर्षे राबवले. दिवसाला अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस. तासाला पडले ११ पेन्स. २०१४ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जात हा काही प्रकरणांत वांशिक मुळाचा भाग धरता येईल. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या मजुरीचे १ लाख ८० हजारांहून जास्त पाऊंड मंजूर झाले. आम्ही बसून हिशेब केला. तासाला ११ पेन्स, अठरा तास, म्हणजे दिवसाला दोन पाऊंडांपेक्षा थोडे कमी. लॉर्डच्या एका दिवसाच्या हजेरीचे ३०० पाऊंड कमवायला तिला पाच महिने राबावे लागले असते.

हे फक्त लंडनचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. आपल्या संविधानात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत त्या लोकसभेत आणि विधानसभेत, कलम ३३० आणि ३३२ प्रमाणे. राज्यसभेत नाहीत. विधान परिषदेत नाहीत. महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. त्या बारांची एक यादी २०२० च्या नोव्हेंबरात सरकारने पाठवली, राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, आणि २०२२ ला नव्या सरकारने ती मागे घेतली. कोण किती दिवस कुणाच्या दारात बसले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बाबासाहेब १९५२ पासून राज्यसभेत होते, हे खरे. पण ते मुंबई राज्याच्या आमदारांच्या मतांनी निवडून गेले होते, राष्ट्रपतींच्या बारांपैकी नव्हते. आणि राज्यांतल्या दुसऱ्या सभागृहांबद्दल त्यांनी संविधान सभेत स्पष्ट सांगितले होते की हा प्रयोग आहे, त्यांना कायमची जागा दिलेली नाही. विधान परिषद काढून टाकण्याची वाट कलम १६९ मध्ये त्यासाठीच आहे.

पुढच्या रविवारी वर्ग आहे. त्या साथीला आम्ही एवढेच विचारणार आहोत, की या ७८ पैकी आपल्या वस्तीच्या मतावर आलेली जागा कोणती, ती दाखव. यादी आम्ही छापून आणतो आहोत.